राखून ठेवलेली जागा

१

केरूचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि या प्रकरणात दोषी कोण, याचा निकाल टाके सुकायच्या आत लागला. दोषी केरूच. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका गोदामाच्या कामावर लोखंडी तुळई त्याच्या पायावर घसरली. संध्याकाळ व्हायच्या आत त्याला इस्पितळात पोचवण्यात आलं. डॉक्टर तयार होते, शस्त्रक्रियेचं टेबल रिकामं होतं. परंतु रुग्णाने भीतीपोटी रात्रभर शस्त्रक्रियेला नकार दिला आणि उजाडेपर्यंत पाय वाचवण्याजोगा उरला नाही. कंपनीच्या अहवालात हे असंच म्हटलं होतं, आणि याच अहवालासह केरूची चिपळूणकडच्या आपल्या गावी रवानगी व्हायची होती. स्वतःच्या भित्रेपणापायी स्वतःचा पाय घालवलेला माणूस, ही त्याची पुढची ओळख. शिकलेल्या समाजाला अशा हकिकती मनापासून आवडतात. त्यांत दया दाखवण्याची सोय असते आणि चौकशी करण्याची गरज नसते.

राजाभाऊंनाही ती आवडली होती. दुबईच्या करामा भागात त्यांचं टायपिंग सेंटर होतं. अर्ज, तक्रारी, करारनामे अरबीत उतरवून देणं हा त्यांचा व्यवसाय, आणि अवघ्या अमिरातीत आपल्याइतकं नेमकं भाषांतर दुसरा मराठी माणूस करत नाही हा त्यांचा समज. समज बराचसा खरा होता, म्हणूनच अधिक घातक होता.

केरूला इस्पितळात नेणारा सुदेश त्या गुरुवारी सकाळीच त्यांच्यासमोर येऊन आदळला. सुदेश कंपनीत ॲडमिन ऑफिसर, पुण्याचा, चाळिशीच्या अलीकडचा.

"राजाभाऊ, एक कडक लेटर टाइप करून हवंय. अरबीत. असं कडक की वाचून त्याला घाम फुटला पाहिजे."

"कोणाला?"

"पार्किंगवाल्याला! हॉस्पिटलशेजारचं ते प्रायव्हेट पार्किंग आहे ना, वाळूचं मैदान नुसतं. त्यांनी कंपनीला बिल पाठवलंय. अख्खा दिवस-रात्र गाडी ठेवली म्हणे, वर दंड. पाचशे दिऱ्हाम! म्हणजे साडेसहा हजार रुपये झाले की हो. एवढ्यात आमच्या सदाशिव पेठेत स्कूटर वर्षभर झोपवून ठेवीन मी."

"गाडी ठेवली नव्हतीस?"

"ठेवली, पण दहा मिनिटं! केरूला आत सोडलं, बाहेर आलो, निघालो. त्या वॉचमनला तोंडाने सांगूनसुद्धा निघालो. आता म्हणतो, टोकन परत आलं नाही, म्हणून गाडी आतच होती. हबीबी, गाडी आत होती तर एअरपोर्टवर बायकोच्या आईवडिलांना आणायला काय उंटावरून गेलो?"

राजाभाऊ हसले. विनोद चांगला होता. त्यांनी कागद चढवला आणि सवयीने एकेक शब्द तोलत मजकूर अरबीत उतरवला. 'सदर वाहन रुग्णास पोचवून तत्काळ निघून गेले व दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत तेथे परतले नाही.' सुदेशने सही ठोकली, "थँक यू हं, राजाभाऊ," म्हणाला आणि यल्ला-यल्ला करत घाईघाईने गेलाही.

यंत्रावर राहिलेली कार्बन प्रत काढताना राजाभाऊंनी ते वाक्य पुन्हा वाचलं, आणि त्यांचे हात थबकले.

मागच्याच आठवड्यात मराठी मंडळाने सुदेशचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्राचा मजकूर राजाभाऊंचा होता. त्यातलं एक वाक्य सभागृहाने टाळ्यांनी उचलून धरलं होतं: 'परमुलखात एका कष्टकरी बांधवाच्या उशाशी ज्याने अखंड रात्र जागून काढली.'

२

दोन वाक्यं एकाच लेखणीची होती, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नव्हती.

विद्वान माणसाची पहिली धाव सत्याकडे नसते. ती स्वतःचं वाक्य वाचवण्याकडे असते. राजाभाऊंनी तर्क लढवला की गाडी आणि माणूस या दोन भिन्न वस्तू आहेत. गाडी निघून गेली याचा अर्थ सुदेश निघून गेला असा होत नाही. कंपनीचा ड्रायव्हर राजन गाडी घेऊन गेला असेल, विमानतळही त्यानेच केलं असेल, आणि सुदेश बोलण्याच्या ओघात 'मी' म्हणाला असेल. हा तर्क त्यांना इतका रुचला की तो पडताळून पाहण्यासाठी दुपारीच सेंटर बंद करून ते इस्पितळाकडे निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी राजनला फोन केला. पलीकडून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला.

"राजाभाऊ सार, मैं तो महीने से गाँव में है. त्रिशूर. लीव है ना मेरा."

तर्काचा एक पाय तिथेच मोडला.

पार्किंगच्या मैदानावर पत्र्याच्या आडोशाला याकूब बसला होता. पेशावरकडचा उंच माणूस, मेंदी लावलेली दाढी. बिलाचं नाव काढताच तो उठून उभा राहिला.

"वो सफ़ेद गाड़ी? साहब, बिल मैंने नहीं बनाया, मुदीर ने, मैनेजर ने बनाया. टोकन वापस नहीं आया, तो कंप्यूटर बोलता है गाड़ी अंदर है. कंप्यूटर से कौन लड़ेगा?"

"पण गाडी गेली होती ना?" राजाभाऊंनी हिंदीत विचारलं.

"गई थी. मैंने ख़ुद जाने दिया. साहब ने शीशा नीचे किया और बोला, आता हूँ. मैंने कहा ठीक है, मरीज़ का मामला है, टोकन भी रखो, आके दे देना. और उसका जगह भी रखा. ये ड्रम देखते हो? ये ड्रम रखा मैंने उसके जगह पे. दो आदमी से झगड़ा हुआ मेरा. एक मसरी, इजिप्त वाला, तो मारने को आया. मैंने बोला, नहीं, ये जगह उसका है, वो आता है."

"गाडी कोण चालवत होतं? दुसरा कोणी ड्रायव्हर?"

"वही साहब. गले में कार्ड. अकेला." याकूबने ड्रमवर थाप मारली. "सुबह तक नहीं आया. मैंने सोचा, शायद मरीज़ मर गया होगा, आदमी ग़म में भूल जाता है."

राजाभाऊंनी मान खाली घातली. वाळूत त्यांच्या चपलांचे ठसे उमटले होते आणि ते त्यांना एकाएकी कोणा दुसऱ्याचे वाटू लागले.

"अजीब बात है," याकूब मागून म्हणाला, "उस रात अंदर से सिस्टर भी आई थी. वो भी यही पूछती थी कि वो साहब लौटा क्या."

३

सिस्टर सुरैय्या लखनौची होती. ड्यूटी संपवून ती कँटीनमध्ये चहा घेत होती. राजाभाऊंनी केरूचं नाव घेताच तिने कप खाली ठेवला.

"आप कंपनी की तरफ़ से आए हैं?"

"नाही. म्हणजे, नहीं. मैं सिर्फ़ टाइपिंग करता हूँ."

"तो टाइप कर लीजिए कि हमने कोई कोताही नहीं की."

आतापर्यंत राजाभाऊंपुढे दोनच संशयित उरले होते: भ्यालेला केरू आणि कामचुकार नर्स. दुसरा संशयित अधिक सोयीचा होता हे त्यांना कळत होतं, कारण ती मराठी नव्हती. मनाच्या या चलाखीची त्यांना शिसारी आली, पण त्यांनी प्रश्न विचारलाच.

"मरीज़ ने ऑपरेशन से मना किया, तब आपने समझाया नहीं?"

सुरैय्या त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मना? किसने मना किया? अंगूठा तो उसने आते ही लगा दिया था. सारी रात एक ही बात पूछता रहा, 'सिस्टर, कब लेके जाएँगे?' मैं क्या जवाब देती? कंपनी की गारंटी पर दस्तख़त नहीं थे, और उसके बग़ैर यहाँ टेबल नहीं खुलती. ये क़ायदा मैंने नहीं बनाया, मुझे इस पर शर्म आती है, मगर क़ायदा यही है."

"आणि सुदेश? वो साहब?"

"मैं काग़ज़ लेने अंदर गई. वो दरवाज़े से बोले, 'अच्छा सिस्टर, आता हूँ.' मैंने डॉक्टर साहब से कहा, पाँच मिनट रुक जाइए, कंपनी के आदमी अभी आ रहे हैं, दस्तख़त हो जाएँगे. टेबल रोक ली. फिर और रोकी. नीचे पार्किंग तक देख आई. फ़ोन किया तो बंद. आख़िर टेबल किसी और को देनी पड़ी. सुबह वो आए तो मैंने बस इतना कहा, आपका इंतज़ार था." तिने कप उचलला, पण चहा घेतला नाही. "अगर वो कह देते कि मैं जा रहा हूँ, मैं उसी वक़्त बड़े डॉक्टर के घर फ़ोन करती. वो ज़िम्मा ले लेते, पहले भी लिया है. मगर जो आदमी कह गया हो कि आता हूँ, उसका तो इंतज़ार ही किया जाता है."

केरूचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. लिफ्ट समोर उघडी होती. राजाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि ते जिन्याने खाली, बाहेर पडले.

उत्तर आता उघड होतं, आणि ते भयंकर होतं. सुदेशने येण्याचं वचन दिलं, एकदा नव्हे दोनदा, आणि दोन्ही वेळा थंडपणे मोडलं. हा माणूस सराईत खोटारडा होता. राजाभाऊंना बरं वाटलं. खोटारड्याने फसवलेल्या विद्वानाची इज्जत फारशी जात नाही.

परंतु हे उत्तर चुकीचं होतं.

४

शुक्रवारी दुपारी त्यांनी सुदेशला सेंटरमध्ये बोलावलं. बाजार सुस्त होता, समोरच्या उडप्याकडची गर्दी नमाजानंतर ओसरली होती. राजाभाऊंनी प्रास्ताविक केलं नाही.

"तू परत येण्याचं वचन का दिलंस?"

"कसलं वचन?"

"पार्किंगवाल्याला. नर्सला. दोघं रात्रभर तुझी वाट बघत होते."

"वाट?" सुदेशच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते नाटक नव्हतं. "माझी वाट कशाला बघतील? मी दोघांना सांगून निघालो. माझ्या दृष्टीने काम खलास होतं. गारंटी ऑफिसमधून फॅक्स होते, मला वाटलं नेहमीसारखी होईल."

"सांगून निघालास. नेमके शब्द काय होते?"

"आता हूँ, म्हणालो."

"मग?"

"मग काय मग? निघताना माणूस काय म्हणतो? 'येतो' म्हणतो. तुम्ही काय म्हणता, राजाभाऊ? 'जाता हूँ' म्हणू? हॉस्पिटलच्या दारात? पेशंट आत पडलेला असताना?" सुदेश चिडला होता. "माझ्या आजीने थोबाड फोडलं असतं."

राजाभाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

चाळीस वर्षं ते शब्दांवर पोट भरत होते. याकूबने 'आता हूँ' सांगितलं, सुरैय्याने सांगितलं, आणि ते दोन्ही वेळा त्यांनी हिंदी म्हणून ऐकलं. बोलणारा मराठी आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आपल्यात कोणी घरातून 'जातो' म्हणून निघत नाही. जाणारा तो जाणारा, त्याने तोंडाने तरी येत राहावं. म्हणून आपण 'येतो' म्हणतो आणि चालू लागतो, आणि ऐकणाराही 'या' म्हणून दार लावून घेतो. कोणी दाराशी ताटकळत बसत नाही. सुदेशने हा निरोप सरळ हिंदीच्या साच्यात ओतला. केरळचा राजन ऐकायला असता तर तोही बरोबर समजला असता, त्यांच्यातही असंच म्हणतात. पण ऐकणारे दोघं उर्दूत बोलणारे. त्यांच्या भाषेत निघणारा 'चलता हूँ' म्हणतो, आणि 'आता हूँ' म्हणणारा खरोखर परत येतो. एकाने त्याच्यासाठी गाडीची जागा राखली. दुसरीने शस्त्रक्रियेचं टेबल. तो निघून गेला होता आणि त्याच्यासाठी दोन्ही जागा रिकाम्या होत्या.

"म्हणजे यात माझी काहीच चूक नाही," सुदेश हळूच म्हणाला. राजाभाऊंनी हे सारं त्याला ऐकवलं होतं, आणि तो पहिल्यांदाच मोकळा श्वास घेत होता. "भाषेचा घोटाळा. बस."

"तिथपर्यंत. तिथपर्यंत तू निर्दोष आहेस, सुदेश. आता सकाळचं बोल."

"सकाळी काय?"

"पहाटे तू वॉर्डात आलास. ऑपरेशन झालेलं नव्हतं. रात्र जागलेली नर्स समोर उभी होती. ती तुला काय म्हणाली, ते मी सांगू?"

सुदेशने टेबलावरचा एक कागद उचलला आणि परत ठेवला.

"'आपका इंतज़ार था.' एवढं ऐकल्यावर तुला सगळं कळलं असणारच. तरी त्यानंतर कंपनीला फोन करून तू सांगितलंस की केरू घाबरला, नको म्हणाला. अंगठा दिलेला माणूस नको कसा म्हणेल? मग आम्ही मंडळाचे चार जण आलो. तू दाढी वाढलेला, डोळे लाल, उशाशी बसलेला. विमानतळावरच्या जागरणाने डोळे लाल झालेत असं तू म्हणाला नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत." हे मात्र त्याने मान वर करून म्हटलं. "तुम्हीच म्हणालात, 'धन्य आहेस रे, रात्रभर बसलास!' मी काय करू? चार लोकांत तुम्हाला खोटं पाडू?"

"आणि केरूला भित्रा ठरवलंस."

"काहीतरी सांगायलाच लागणार होतं, राजाभाऊ! माझी नोकरी आहे, व्हिसा आहे, मुलीची शाळा आहे. तो काय, घरीच जाणार होता. घाबरला म्हटल्याने त्याचं असं काय बिघडतं? लोक घाबरतातच." तो उठला, उभाच राहिला, मग एकदम शांत झाला. त्याला काहीतरी सुचलं होतं. "ते लेटर मी परत घेतो. बिल भरून टाकतो."

"का?"

"भरलेलं बरं. दिवसरात्र गाडी तिथे होती असं त्यांचंच म्हणणं आहे ना? मग होती." त्याने खिशावर हात ठेवला. "पावती मिळेल."

राजाभाऊंना क्षणभर या बुद्धीचं कौतुक वाटलं. पैसे घेणारा पार्किंगवाला अनायासे साक्षीदार होत होता. अखंड रात्र जागल्याचा शिक्क्यानिशी पुरावा, तोही इतका स्वस्त.

दाराशी सुदेश थांबला. आवाजात धमकी नव्हती, उलट आपुलकीच होती, आणि तीच अधिक असह्य होती.

"आणि राजाभाऊ, मानपत्र तुमचं आहे. मी एक अक्षर लिहिलेलं नाही. माझं हसं झालं तर तुमचंही होईल. असू दे ना. येतो."

५

शनिवार गेला. रविवारीही राजाभाऊंनी काही केलं नाही. लोकांचे भाडेकरार टंकले, जन्मदाखले टंकले. शोभनाबाईंनी रात्री जेवताना विचारलं, "अहो, भाताकडे असं काय बघताय?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"मग अडलंय कुठे?" बायकोने विचारलं.

"मंडळात काय सांगू? माझं वाक्य होतं."

"तुमचं वाक्य," शोभनाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पानात आमटी वाढून आत निघून गेल्या.

सोमवारी राजाभाऊंनी याकूब आणि सुरैय्या या दोघांना बरोबर घेतलं आणि ते कंपनीच्या मॅनेजरसमोर जाऊन बसले. दोघांनी आपापलं सांगितलं. 'आता हूँ'चा अर्थ राजाभाऊंनी समजावला. शेवटी, कोणी न विचारता, त्यांनी हेही सांगितलं की रात्रभर जागल्याची कहाणी आपण न तपासता लिहिली आणि ती खोटी आहे. मॅनेजर लेबनानी होता. त्याने सुदेशला आत बोलावून एकच प्रश्न विचारला: त्या रात्री तुझी गाडी इस्पितळात होती की विमानतळावर? सुदेशने राजाभाऊंकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "विमानतळावर." अहवालातला नकाराचा उल्लेख खोडला गेला. संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला: "घरातली गोष्ट घरात मिटवायची होती हो. बाहेरच्यांसमोर मराठी माणसाची शोभा झाली." राजाभाऊ म्हणाले, "झाली खरी," आणि फोन ठेवला.

मग ते इस्पितळात जाऊन लिफ्टने वर गेले.

केरू पन्नाशीचा, बारकासा माणूस. खाटेवर उठून बसण्याची त्याची धडपड पाहून राजाभाऊ पुढे झाले. सत्काराच्या दिवसापर्यंत ते त्याला 'अरे केरू' म्हणत होते, आणि त्याच्याहून बराच लहान असलेल्या सुदेशला भर सभेत 'सुदेशराव'.

"बसा, केरूभाऊ. तुम्ही उठू नका."

त्यांनी घडलेलं सारं सांगितलं. शब्दांची गुंतागुंत टाळून, हळूहळू, एकामागून एक. केरू ऐकत होता. चादरीवरचा त्याचा हात उघडत-मिटत होता. राग येईल, शिवी येईल, यासाठी राजाभाऊ तयार होते. केरूने भलतंच विचारलं.

"म्हंजे मी नको म्हटलंच नव्हतं?"

"नव्हतं. तुम्ही आल्या-आल्या अंगठा दिलात."

"मला काय आठवत नाय बघा. ताप होता. साहेब म्हणाले, केरू, तू भ्यालास, नको नको म्हणत राहिलास. सगळेच म्हणाले. मला वाटलं, म्हटलं असंल. एवढी शिकलेली माणसं खोटं कशाला बोलतील?" त्याने दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं. "घरी तसंच सांगितलं मी. म्हटलं, माझीच चूक. मीच भ्यालो. पोरांना तोंड कसं दाखवू, याचाच घोर होता. पायाचा एवढा नव्हता."

राजाभाऊंकडे या वाक्याचं भाषांतर कोणत्याही भाषेत नव्हतं.

"फोन लावून देता का?" केरू म्हणाला. "शेजारी फोन आहे. ते हाक मारतात तिला."

राजाभाऊंनी आपल्या मोबाइलवरून नंबर फिरवला. पलीकडे कोणीतरी 'सत्यभामा वहिनीऽ' अशी लांबलचक हाक मारली. मग वाट पाहणं. मग केरूने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"मी बोलतोय. अगं, ऐक. मी भ्यालो नव्हतो." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाय, नाय, पाय नाय परत येत. पन मी भ्यालो नव्हतो. अंगठा दिला होता मी, लगेच. इथे एक साहेब आलेत, ते सांगतात."

तो ऐकत राहिला. मग गोंधळून त्याने फोन राजाभाऊंपुढे धरला.

"ती विचारते, मग भ्यालं कोण? तुमीच सांगा, साहेब. मला नाय सांगता येत."

राजाभाऊंनी फोन घेतला. पलीकडे एक बाई श्वास रोखून थांबली होती.

"वहिनी," ते म्हणाले, "आम्ही."